शाळेच्या कागदावरचा हूम

पक्ष्यांचं वेड तुम्हाला कुठून लागलं, असं हल्ली मला कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं की त्याला आता एखादं जखमी पाखरू हवं आहे, जे मी लहानपणी घरी आणलं आणि दूध पाजून वाढवलं. आमच्या घरी जखमी पाखरू कधी आलं नाही. आलं असतं तर शेजारच्या मांजराने ते ठेवलं नसतं. मला हे वेड डोळ्यांच्या डॉक्टरांनी लावलं, आणि तपासायला गेलेले डोळेसुद्धा माझे नव्हते, नायनांचे होते. एवढं सांगितलं की लोक हसतात आणि पुढच्या प्रश्नावर जातात, म्हणून म्हटलं आता बसून सगळं लिहूनच काढावं.

नायना म्हणजे माझे वडील. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. पण माझं लिहिणं-वाचणं सगळं मराठीत झालं, त्यामुळे घरातली बोलणीही मी मराठीतच लिहिते आहे. सोलापुरात आमच्या गल्लीत प्रत्येक घराचा मागाशी काही ना काही संबंध होता. कुणी विणायचं, कुणी कांड्या भरायचं, कुणी रंगाच्या हौदावर असायचं. नायना डिझाइन मास्तर होते. चादरी आणि भिंतीवर लावायचे चित्रांचे पडदे विणणाऱ्या एका कारखान्यात चित्र काढायचं काम त्यांच्याकडे होतं. हे चित्र साध्या कागदावर नसतं. बारीक घरं आखलेल्या मोठ्या तावावर ते काढायचं आणि मग एकेक घर रंगाने भरायचं. एक घर म्हणजे कापडावरची एक जागा, जिथे आडवा धागा उभ्या धाग्याला ओलांडून जातो. भरलेली घरं मोजून दुसरा माणूस पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतो, ते पत्ते मागावर चढतात, आणि माग ती भोकं बघून चित्र विणतो. चित्र काढणाऱ्याने हजारो घरांत एक घर चुकवलं तर कापडावर तो डाग जन्मभर राहतो, असं नायना सांगायचे. ते चुकत नसत. गंमत अशी की मोर, पोपट आणि राजहंस यांच्याशिवाय त्यांनी कधी काही काढलं नव्हतं, आणि राजहंस त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. कंबर तलावावर बगळे होते, पण बगळ्याची चादर कोण घेणार?

आई, म्हणजे अम्मा, बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की तिचं लक्ष भलतीकडेच असायचं. स्वयंपाक, भांडण, शेजारणीची चौकशी, सगळं ती बिडी वळता वळताच करायची. मला दहाव्या वर्षी सूप मिळालं. आमच्या गल्लीत मुलीला सूप मिळणं म्हणजे ती कामाला लागली. शाळेतून आल्यावर भाकरी, शेंगाचटणी आणि पुंटीकूर, म्हणजे आंबाडीची भाजी, खायचं आणि अम्मासमोर बसायचं. बाहेर मागांचा खटाखट आवाज दिवसभर चालायचा. तो आवाज आम्हाला ऐकू येत नसे. तो बंद पडला की ऐकू यायचा. वीज गेली की गल्लीतली माणसं एकदम ओरडून बोलताहेत असं वाटायचं, कारण सगळ्यांना मागांवरून बोलायची सवय. अजूनही मी फोनवर बोलते तेव्हा माझी नात फोन कानापासून लांब धरते.

मी चौदाची असेन, तेव्हा नायनांना घरं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसू लागली. त्यांनी आधी कागदाला दोष दिला, मग दिव्याला, मग चष्म्याला. शेवटी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी थेंब दिले आणि म्हणाले, "मास्तर, जन्मभर वीतभर अंतरावर बघत आलात. आता जरा लांब बघत जा. आठवड्यातून एकदा तरी गावाबाहेर जाऊन लांब, मोकळं बघा." डोळ्यामागची नस सुकते आहे हे पुढे कळलं. पण नायनांनी तो सल्ला औषधासारखा मानला. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ते सायकल काढायचे, मला कॅरिअरवर बसवायचे आणि बार्शीच्या रस्त्याने नान्नजच्या माळाकडे निघायचे. मला कशाला न्यायचे, तर वाटेतल्या दगडा-खड्ड्यांसाठी. "अंबू, पुढं काय हाय?" म्हणून विचारायचे. अम्मा बडबडायची की एका दिवसाच्या बिड्या बुडतात, पण फडक्यात दोन भाकऱ्या जास्त बांधायची.

माळावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तिथे काही म्हणजे काही दिसलं नाही. पिवळं गवत, मुरूम, आणि वर आभाळ. एवढं बघायला इतक्या लांब आलो, म्हणून मी रुसून बसले. मग माझ्या पायाजवळचा मातीचा एक खडा पळाला. पळाला, थांबला, पुन्हा पळाला. तो धाविक होता. त्याचं नाव मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मी नायनांचा हात धरून ओरडले, "पाखरू! मातीचं पाखरू!" नायना वाकून बघत राहिले. पाठीवरचा मातकट रंग, डोळ्याजवळ काळ्या-पांढऱ्या रेघा. "हा रंग कुठल्या हौदात मिळायचा न्हाई," ते म्हणाले. कापडवाल्या माणसाने केलेलं कौतुक ते.

त्या माळावर बिरूमामा भेटले. म्हातारे धनगर, खांद्यावर घोंगडं, मागे पन्नासेक मेंढरं. आधी त्यांना आम्ही दोघं येडे वाटलो. "पाव्हणं, काय हरवलंय व्हय?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी लांब बघायला सांगितलंय, असं नायनांनी सांगितल्यावर ते मोठ्याने हसले. "आमी जलमभर लांबच बघतोय की! आमचं डोळं बघा, ह्या वयात बी कोल्ह्याचं शेपूट दिसतंय." मग दर सुट्टीला ते आमची वाट बघू लागले. त्यांनीच मला पाखरू बघायचं कसं ते शिकवलं. "सरळ त्याच्या अंगावर जाऊ नगंस, पोरी. मेंढरांत चाल. मेंढराला ते भीत न्हाय. मेंढरांत माणूस हाय हे त्याला उमगत न्हाय." मी मेंढरांत चालायला शिकले. पुढची सुट्टी येईपर्यंत केसांना मेंढरांचा वास यायचा आणि शाळेत कुणी शेजारी बसायचं नाही, पण त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

अशाच एका सकाळी, मेंढरांत चालता चालता, मी हूम पाहिला. पुस्तकात त्याला माळढोक म्हणतात. बिरूमामा हूम म्हणायचे, कारण नर ओरडतो तेव्हा तसाच आवाज येतो, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा. माझ्या छातीएवढा उंच पक्षी. लांब पिवळट पाय, ताठ पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. तो आमच्यापासून दहा-बारा हातांवर चालत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. एक पाय उचलायचा, विचार करायचा, मग ठेवायचा. नायना माझ्या मागे उभे होते. तेवढ्या अंतरावरचं त्यांना अजून नीट दिसत होतं. हूम गवतात दिसेनासा झाल्यावरही ते बराच वेळ हलले नाहीत. परतताना सायकलवर म्हणाले, "इतकी वर्षं मोर काढत बसलो. हितं हा रोज चालत होता." त्यांच्या आवाजात खेद होता आणि आनंदही होता. मला मात्र फक्त आनंद झाला होता, आणि घरी पोचेपर्यंत मी तो पक्षी डोळ्यांत धरून ठेवला. पोचल्याबरोबर दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने काढला. अम्माने दार पुसायला लावलं.

मग मी काढतच सुटले. नायनांच्या रद्द तावांच्या पाठीवर, वहीच्या शेवटच्या पानांवर, फरशीवर. आणि त्याच वेळी घरी दुसरं एक काम गुपचूप चालू होतं. नायना बाहेरची रेघ काढायचे आणि घरं मी भरायची. कारखान्यात कुणाला हे माहीत नव्हतं. मास्तर अलीकडे घरी काम नेतात, एवढंच सगळ्यांना वाटायचं. दोन वर्षं असं चाललं. नायनांनी मला कधी बजावलं नाही की कुणाला सांगू नकोस. मीच सांगितलं नाही. डिझाइन मास्तरला दिसत नाही हे कळलं असतं तर त्यांची खुर्ची गेली असती, आणि खुर्ची गेली असती तर माझं चित्र काढणंही तिथेच थांबलं असतं. मग उरलं असतं ते सूपच.

सोळाव्या वर्षी व्हायचं ते झालं. मालकांना मुंबईच्या एका प्रदर्शनात लावायला भिंतीवरचा मोठा पडदा हवा होता. ते नायनांना म्हणाले, "मास्तर, मोर नको. मोर सगळ्यांकडे आहेत. आपल्याकडचं काहीतरी काढा." नायना त्यासाठी भला मोठा ताव घेऊन घरी आले आणि तीन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. पेन्सिल टेकवायचे, उचलायचे. रेघसुद्धा आता भलतीकडे जायला लागली होती. मला ते बघवेना. चौथ्या दिवशी मी ठरवलं की हूम आपणच काढायचा आणि नायनांना पडदा विणून झाल्यावरच दाखवायचा. नायनांसमोरचा ताव उचलता येत नव्हता, बाकीचे कोरे ताव कारखान्याच्या पेटीत कुलपात असायचे आणि मागितले तर बिंग फुटलं असतं, म्हणून शाळेतल्या आलेखाच्या वहीची पानं फाडून खळीने जोडली. आठवडाभर शेजारच्या माडीवर अभ्यासाच्या नावाखाली बसले. पायाच्या नख्यांपासून टोपीपर्यंत हूम काढला, घरं भरली, खाली नायनांची सही ठोकली आणि पत्ते पाडणाऱ्या माणसाला नेऊन दिला. "कागद वेगळा दिसतोय," तो म्हणाला. मी म्हटलं, संपला होता. त्याने खांदे उडवले. पत्ते पाडणारा चित्र बघत नाही, घरं मोजतो. नायना अजून घरी कोऱ्या तावासमोरच बसत होते, आणि मागावर कुठलं चित्र चढलंय ते त्यांच्या डोळ्यांना कळणार नव्हतं.

आता माझी चूक सांगते. मागावरच्या माणसाला ती केव्हाच कळली असेल. पडद्याच्या कापडात उभे धागे विरळ असतात आणि आडवे धागे ठोकून ठोकून दाट बसवलेले असतात. म्हणजे कापडावरचं प्रत्येक घर रुंद आणि बुटकं येतं. म्हणून आमच्या कामाच्या तावावरची घरंही पसरट आखलेली असतात, त्या कापडाच्या मापाने. शाळेच्या वहीतली घरं मात्र चारी बाजूंनी सारखी. दोन वर्षं मी ती पसरट घरं भरत होते आणि एकदाही मनात आलं नाही की ही पसरट का. छापणाऱ्याने बचत केली असेल, असं मला वाटायचं! अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

मी दुपारी नायनांचा डबा घेऊन कारखान्यात गेले तेव्हा पडदा मागावरून उतरत होता. आधी माझ्या कानावर हसण्याचा आवाज आला. राजय्या नावाचा विणकर पोट धरून हसत होता. "मास्तर, मालकांनी पाखरू सांगितलं तर तुमी खुडूक कोंबडी काढली की!" माझा हूम जमिनीत दाबून बसवला होता. पाय बोटभर, मान खांद्यात घुसलेली, टोपी भुवयांवर आलेली. मी डबा तसाच हातात धरून उभी राहिले.  मालक आले, त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग नायनांकडे. ते वाईट माणूस नव्हते, पण प्रदर्शन जवळ आलं होतं. "मास्तर, हे तुमच्या हातून कसं झालं?"

आपण न काढलेलं चित्र विणलं गेलंय, हे नायनांना तेव्हाच कळलं. ते पुढे झाले. त्यांनी पडद्यावर हात पसरला आणि विती टाकत आधी रुंदी मोजली, मग उंची. पत्त्यांसोबतचा कागद मागितला. तो डोळ्याला भिडवून जाड रेघांमधलं एक मोठं घर नखाने आडवं मापलं, तेच घर उभं मापलं. कारखान्यात बाकीचे माग चालू होते, तरी मला त्यांचं नख कागदावर घासल्याचं ऐकू आलं असं वाटतं. मग ते हसले. चूक झाली मालक, नजरचुकीने कागद बदलला, असं ते म्हणू शकत होते. तीस वर्षांत एक चूक मालकांनी पोटात घातली असती. खुर्ची वाचली असती. मी मनातल्या मनात देवाला तेच सांगत होते, की त्यांना खोटं बोलू दे.

"मालक, कागद शाळेचा हाय," नायना म्हणाले. "म्हणून पाखरू बसलं. ह्याला आपल्या तावावर घ्या, उभं राहतंय का न्हाई बघा. चित्रात खोट न्हाई. पण हे चित्र माझं न्हाई. अशी मान मला जन्मात काढता आली नसती. हे माझ्या अंबूनं काढलंय. दुसऱ्याच्या चित्राखाली मी सही कशी ठेवू?" ते पुढे म्हणाले, "आणि मला घरं दिसत न्हाईत. दोन वर्षं झाली. तीच भरते." राजय्याचं हसू तोंडातच राहिलं. त्याने माझ्या हातातला डबा घेतला, कारण तो आता पडणार होता.

मालकांनी नायनांच्या हातातला कागद घेऊन खालची सही पाहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी सकाळी नवे पत्ते मागावर पाहिजेत. नाही झालं तर जुना मोर लावतो आणि दुसरा मास्तर बघतो. झालं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आम्ही दोघं घरी चालत आलो. वाटेत मी रडले, माफी मागितली. नायना एवढंच म्हणाले, "सही मात्र चांगली केली होतीस." आजही मला ते आठवलं की हसावं की रडावं कळत नाही.

खरी भीती अम्माची होती. हातात पाच दिवस, पत्ते पाडायचा वेळ धरला तर चारच. घरं भरायला दिवसाचा उजेड सगळाच्या सगळा लागणार आणि बिड्यांची मोठी मागणी त्याच आठवड्यात द्यायची. खुर्ची गेली तर बिड्यांवरच घर चालायचं होतं. अम्माने सगळं ऐकून घेतलं, बोटं न थांबवता. मग माझं सूप ओढून त्यातली पानं आणि तंबाखू आपल्या सुपात ओतली. "नीट काढ," म्हणाली. एवढंच. चार दिवस ती दोघींचं वळत बसली. जेवायला उठायची तेव्हा बोटं सरळ होत नसत. तिने माझ्या तावाकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मला वाटलं ती रागावली आहे.

मी पसरट घरांच्या तावावर हूम पुन्हा काढला. नायना शेजारी बसायचे आणि मी काय करते ते सांगत राहायची: आता गुडघा, आता टाच. "पाय ठेवायच्या आधी तो विचार करत होता," ते एकदा म्हणाले. "तो विचार आलाय का?" नव्हता आला. मी तो पाय पुसला आणि जरा वर घेतला. सोमवारी पत्ते लागले.

पडदा उतरायच्या दिवशी मालकांनी आम्हाला बोलावलं. अम्माही निघाली. लग्न झाल्यापासून ती त्या कारखान्यात आली नव्हती. पडदा भिंतीवर चढवला. हूम उभा होता. लांब पायांवर, एक पाय अधांतरी. राजय्या तोंडात बोट घालून बघत राहिला. मालकांनी मान हलवली आणि दुसऱ्या मास्तरचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. पण मला सगळ्यांत लख्ख आठवतं ते वेगळंच. उन्हातून आत आल्यावर नायनांना हल्ली काहीच दिसत नसे; ते पडद्याच्या समोर नाही, जरा भलत्याच बाजूला तोंड करून उभे होते. "कसा आलाय?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, इतक्यात अम्मा पुढे झाली. तिने त्यांचा खांदा धरून त्यांना सरळ केलं आणि बोलायला लागली. "पाय लांब हायेत. पिवळे. डावा टेकलाय, उजवा वर हाय, ठेवू का नको असं चाललंय त्याचं. मान पांढरी. मानेच्या मुळाशी काळा पट्टा, पोरीनं तो मधे जरा बारीक ठेवलाय, तिथं पिसं दबली असतील..." डोक्यावरून शेपटीपर्यंत, एक पीस न सोडता. माझ्या चित्राकडे कधी न बघणारी माझी आई. मी ऐकत उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं की मी नेमकं काय काढलं आहे.

अम्माला अक्षरओळख नव्हती. पण पुढची अकरा वर्षं तिने माझं प्रत्येक चित्र नायनांना वाचून दाखवलं. चंडोल, टिटवी, खोकड, काळवीट, सगळी. ती कधी कधी सांगता सांगता अडायची, आणि ती जिथे अडायची तिथे माझं चित्र कच्चं असायचं; मी मुकाट्याने ते दुरुस्त करायची. आज माझ्या चित्रांवर जाणकार लिहितात, त्यातलं निम्मं मला समजत नाही. आता माळावर गेलं तर लांब नळीचे कॅमेरे घेतलेली मुलं दिसतात, हूम दिसत नाही. त्याचं दुःख मला रोज होतं आणि ते मी इथे लपवणार नाही.

नायना गेले त्यानंतर पाच-सहा महिने मी रंगाला हात लावला नाही. मग एक दिवस धाविक काढला, छोटासाच, आणि वाळायला खिडकीत ठेवला. अम्मा पानं भिजवून आत आली, चित्रासमोर थांबली आणि सवयीने मोठ्याने सांगायला लागली, "बारका हाय. मातीच्या रंगाचा. डोळ्याच्या वर पांढरी रेघ, खाली काळी..." आणि तिच्या लक्षात आलं. ओले हात तसेच धरून ती नायना बसायचे त्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "सांग ना अम्मा. मी ऐकतेय."

तिने पदराने हात पुसले, आणि पायाच्या नख्यांपर्यंत सगळा सांगितला.